याय कोमर, म्हणजे येते

परत आल्यापासून चिंचवडात मला एकच प्रश्न विचारला जातो: तिकडं खाल्लंस काय? दुधाचा रतीब घालणारी चिखलीची कोंडाबाई तर रोज उंबऱ्यात टेकते, चरवी बाजूला ठेवते आणि नव्यानं विचारते. मी रोज सांगते, काळा पाव, लोणी आणि उकडलेले बटाटे. ती रोज "अगं बया" म्हणते आणि माझ्या मनगटाकडं बघते. पिंपरीच्या कारखान्यात निराळा प्रकार. साहेबलोकांना मी काय शिकून आले ते ऐकायचं असतं, आणि प्रयोगशाळेतल्या मुलींना बर्फाचं ऐकायचं असतं. कोपनहेगनहून स्टॉकहोमला मी कशी गेले आणि कुणाबरोबर गेले, हे कुणी विचारत नाही. म्हणून न विचारता सांगते. न विचारता सांगायचा माझा स्वभावच आहे. आई म्हणते, म्हणूनच लग्न जमलं नाही.

जायचं कारण साधं होतं. पिंपरीच्या माळावर, जिथं परवापरवापर्यंत मेंढरं चरत होती, तिथं औषधांचा कारखाना उभा राहिला. मी पुण्याला जाऊन-येऊन बी.एस्सी. केलेली, मला तिथं तपासणीच्या कामावर घेतलं. मग काही जणांना शिकायला परदेशी धाडायचं ठरलं आणि यादीत माझं नाव लागलं. कोपनहेगनला मी एकटीच. बाकीचे पुरुष दुसऱ्या देशांत गेले. गावठाणात चार दिवस कुजबुज झाली आणि मग लोक माझ्यासाठी लोणची घेऊन आले.

निघताना आई दारात उभी होती. तिनं दही हातावर घातलं आणि एवढंच म्हणाली, "जाते म्हणू नकोस." जणू मला माहीत नव्हतं. आमच्याकडं घरातून निघणारं माणूस 'येतो' म्हणतं, मग ते वाण्याकडं निघालेलं असो की बोटीनं सातासमुद्रापार. माणूस 'जातो' तो एकदाच, आणि तेव्हा त्याला बोलता येत नाही. मी "येते गं" म्हणाले आणि टांग्यात बसले. पुढचं सगळं रामायण या एका शब्दामुळं झालं.

कोपनहेगन

माझी राहायची सोय बंदराजवळ, तिसऱ्या मजल्यावर, एका विधवा बाईंकडं लावली होती. त्यांना सगळे फ्रू होल्म म्हणत. फ्रू म्हणजे बाई, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना होल्मबाई करून टाकलं. उंच, हाडापेराच्या, केस घट्ट बांधलेल्या, आणि इंग्रजीचा एक शब्द येत नसलेल्या. माझं डॅनिश म्हणजे खिशातलं एक पुस्तक, ज्यात 'माझी छत्री हरवली' आणि 'डॉक्टरला बोलवा' अशी वाक्यं होती. माझी छत्री हरवली नव्हती आणि डॉक्टरची गरज नव्हती, त्यामुळं आम्ही दोघी गप्प असायचो.

घर स्वच्छ होतं, इतकं की मला पाय ठेवायला धास्ती वाटे. खिडक्या बंद. बाहेर करडं आभाळ, दुपारीच दिवे लागत. दिवसभर प्रयोगशाळेत इंग्रजी आणि घरी आल्यावर खुणा. मराठी फक्त सकाळी तोंड धुताना, आरशाशी. "काय विमलताई, झाली का झोप?" असं मीच विचारायची आणि मीच "झाली हो" म्हणायची. पहिल्या महिन्यात हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं. मला फार एकटं वाटायचं. याला दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. इथं चिंचवडात दार लोटून घेतलं तरी कुणीतरी खिडकीतून डोकावतं, आणि मी त्यावर किती चिडायची! तिथं तीन मजले चढून येईपर्यंत एकही दार उघडं दिसत नसे.

पहिल्याच सकाळी पंचाईत झाली ती निघताना. होल्मबाई दारापर्यंत आल्या. आता काय म्हणावं? त्यांचा निरोपाचा शब्द 'फार्वेल' असा काहीतरी होता. मला तो कायमचा वाटला. मी पुस्तक काढलं, 'मी' शोधला, 'येणे' शोधलं आणि म्हणाले, "याय कोमर." म्हणजे, येते. बाईंच्या कपाळाला आठी पडली, मग त्यांनी मान हलवली. संध्याकाळी मी परत आले तेव्हा टेबलावर दोन कप मांडलेले होते. येते म्हणाले होते आणि आले. त्यात चुकलं कुठं? मग रोजचंच झालं. सकाळी मी जिन्यावरून "याय कोमर" म्हणायची, संध्याकाळी दोन कप. डॅनिश लोकांचा 'याय' आणि आपलं 'यायचं' यांत मला सोयरीकही दिसायला लागली होती.

ईस्टरची सुट्टी जवळ आली. प्रयोगशाळा बंद राहणार होती. मला कुणाकडून तरी कळलं होतं की स्टॉकहोमला, म्हणजे शेजारच्या स्वीडन देशाच्या राजधानीत, कर्णिक नावाचं मराठी कुटुंब आहे. मी पत्र टाकलं. सौ. कर्णिकांचं उत्तर आलं: रविवारी दुपारी जेवायलाच या, मुंबईहून तूरडाळ आलीय, वरणभात करते. ती ओळ मी किती वेळा वाचली असेन! राजवाडे, पुतळे, संग्रहालयं, काही नको होतं मला. वरणभात, वर लिंबू, आणि समोर बसून मराठीत बोलणारी एक बाई. एवढ्यासाठी मी एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत जायला निघाले होते.

स्वयंपाकघराच्या टेबलावर मी रेल्वेचं वेळापत्रक पसरून बसले होते. होल्मबाई कॉफी ओतायला आल्या, त्यांची नजर 'स्टॉकहोम' या शब्दावर गेली आणि कॉफी बशीत सांडली. त्या तशाच आतल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात त्यांनी मला भलंमोठं काहीतरी विचारलं. त्यात स्टॉकहोम होतं, इंगर असं काहीतरी होतं, आणि शेवटी "कोमर दू मे?" असं होतं. मला उशीर झालेला, ट्रॅम चुकणार. त्यात त्यांच्या तोंडी माझा 'कोमर' ऐकून मला गंमत वाटली. म्हटलं, बाई आपला शब्द शिकल्या. मी हसत हसत मान डोलावली, "याय कोमर!" आणि धडाधड जिना उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच विचारलं, जरा हळू आवाजात. मी तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशीही.

त्या आठवड्यात एकदा घरी आले तर दोन कपांच्या मधे आगगाडीची दोन तिकिटं ठेवलेली.

मी तिकिटं उचलली आणि तशीच खाली पाववालीकडं गेले. ही पाववाली लग्नाआधी इंग्लंडात घरकामाला होती, तिला इंग्रजी येई. तिनं वर जाऊन विचारलं, खाली आली आणि गल्ल्याला टेकून पोट धरून हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "ती तुला विचारत होती, माझ्याबरोबर स्टॉकहोमला येशील का? आणि तू रोज सांगत होतीस, येते. ती म्हणते, इतक्या आनंदानं मला आजवर कुणी हो म्हटलं नव्हतं."

मग तिनं इंगरची गोष्ट सांगितली. इंगर म्हणजे होल्मबाईंची एकुलती एक मुलगी. तिनं बापाच्या मनाविरुद्ध स्टॉकहोमच्या एका घटस्फोटित माणसाशी लग्न केलं. बापानं उंबरा बंद केला. बाईंनी नवऱ्याचं ऐकलं, पत्रसुद्धा टाकलं नाही. पुढं नवरा वारला. मुलगी आली नाही, आणि कुठल्या तोंडानं जावं म्हणून आईही गेली नाही. आता मला स्टॉकहोमला जाताना बघून होल्मबाईंना बळ आलं होतं. एकट्या त्या लेकीच्या दारात उभ्या राहू शकल्या नसत्या.

मला वाटलं होतं या लोकांत असलं काही नसेल. आमच्या गावठाणातही एक घर आहे, जिथं थोरल्या लेकीचं नाव काढलं तर माणसं भांडी आवरायला लागतात. तेच ते. फक्त यांच्या खिडक्या बंद असतात म्हणून बाहेर ऐकू येत नाही.

हे सगळं समजूनही मी चिडले, हे लपवून काय उपयोग? कर्णिकांनी एकीला बोलावलं होतं. मला माझ्या प्रवासात सोबत नको होती. एकटेपणानं गांजलेल्या माझ्यासारखीनं एकटं जायचाच हट्ट धरावा, यातली गंमत तेव्हा मला दिसत नव्हती. नाही म्हणायला डॅनिशमध्ये एकच अक्षर लागतं, तेवढं मला येत होतं. मी ते जुळवत वर गेले. वर होल्मबाईंनी आपला काळा कोट कपाटातून काढून, घासून, खिडकीला वाऱ्यावर टांगला होता. त्या घरातली उघडलेली ती पहिली खिडकी. मी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "याय कोमर." या वेळी अर्थ समजून.

मग बेत आखायला सुरुवात झाली. बेत आखावा तो होल्मबाईंनी! मिठाची बरणी म्हणजे कोपनहेगन, साखरेचं भांडं म्हणजे स्टॉकहोम, मधे काडेपेटी म्हणजे समुद्र ओलांडणारी बोट. रोज संध्याकाळी काडेपेटी इकडून तिकडं जायची. साखरेच्या भांड्याजवळ आलं की बाईंचा हात थांबायचा. पाववालीच्या मदतीनं मी त्यांना आमच्या 'येते'चा अर्थही सांगितला: आमच्या देशात जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. त्यांना ते इतकं आवडलं की बटाटे आणायला निघाल्या तरी दारातून मला मिश्कीलपणे "याय कोमर" म्हणू लागल्या.

बोट आणि गाडी

डेन्मार्कच्या टोकाला गेलं की अख्खी आगगाडी डब्यांसकट बोटीच्या पोटात शिरते. मी ऐकून होते, तरी शिरताना मी खिडकीची पट्टी घट्ट धरली. होल्मबाईंनी माझ्या हातावर थोपटलं. पलीकडं स्वीडन लागलं. पासपोर्ट बघणारा अधिकारी माझ्या साडीकडं, कोटाकडं, बुटांकडं आणि परत साडीकडं बघत राहिला. बाईंनी त्याला असं काही सुनावलं की त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला. काय सुनावलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बाईंच्या टोपलीत खारवलेली मासळी होती. मी मासळी खात नाही, मला आता दिवसभर उपास घडणार असं वाटलं. तोच त्यांनी तळाशी हात घालून रुमालाची पुरचुंडी काढली. आत सोलून, मीठ लावलेले बटाटे होते, फक्त माझ्यासाठी. मासळीच्या टोपलीत राहूनही त्यांना वास लागू नये म्हणून वर मेणकागद गुंडाळला होता. मी बटाटे खाल्ले आणि माझा राग तिथंच संपला.

बाहेर जंगल सुरू झालं. एकाच जातीची सरळसोट काळी झाडं, मधेच एखादं तळं, त्यावर अजून न वितळलेला बर्फ, तांबड्या रंगाची लाकडी घरं. माणूस दिसेना. आमच्याकडं गाडी देहूरोडवरून पुढं निघाली तरी बांधावर कुणीतरी हात करतं. इथं मी खिडकीतून बघत बसले आणि हात करावा असं एकही माणूस भेटलं नाही.

दुपारनंतर होल्मबाई अस्वस्थ झाल्या. त्या पुटपुटत होत्या, बोटं मोजत होत्या. मग माझ्या लक्षात आलं की दारात मुलीला काय म्हणायचं याची त्या उजळणी करताहेत. त्यांनी मला समोर बसवलं, खांद्याला धरून ताठ केलं. मी इंगर. त्यांनी हवेत दार ठोठावलं आणि बोलायला लागल्या. लांबलचक बोलल्या. मला एक शब्द कळला नाही, पण मधे आवाज फाटला तेवढा कळला. बोलून झाल्यावर त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला डॅनिश येत नव्हतं आणि इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. मी म्हणाले, "आत ये गं आई, अशी दारात काय उभी?"

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग पुन्हा दार ठोठावलं, पुन्हा सगळं म्हटलं, आणि पुन्हा माझं तेच उत्तर ऐकायला थांबल्या. स्टॉकहोम येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. समोर बसलेला म्हातारा वर्तमानपत्राआडून आमच्याकडं बघत होता, त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

स्टॉकहोम

स्टॉकहोमला वाहनं डाव्या हातानं चालतात, आपल्यासारखी. कोपनहेगनला उजव्या हातानं. इतके महिने रस्ता ओलांडताना मी भांबावलेली असायची, इथं पाय आपोआप बरोबर पडले. होल्मबाई मात्र भलतीकडं बघून उतरल्या आणि मी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं नसतं तर मोटारीनं उडवलंच असतं. तिथपासून त्यांनी माझा हात सोडला नाही. आता परदेशी बाई त्या होत्या.

रविवारी सकाळी आम्ही धर्मशाळेसारख्या एका स्वस्त वसतिगृहातून निघालो. बेत साधा होता. आधी इंगरचं घर, तिथं मी दारापर्यंत सोबत करायची, आणि दुपारी कर्णिकांकडं वरणभाताला. वाटेत एका बंद दुकानाच्या तळघरातून पाव भाजल्याचा वास आला आणि मी चालता चालता थांबले. वेलदोड्याचा वास. स्वीडनमध्ये गोड पावात वेलदोडा घालतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यात उभी राहून मी डोळे मिटले. आमच्या माजघरात श्रीखंडाचा चक्का फेटला जात असताना असतो, तो वास. होल्मबाईंना वाटलं मला घेरी आली.

इंगरच्या इमारतीशी पोचलो आणि बाई जिन्याशीच थांबल्या. वर जाईनात. आम्ही इमारतीला एक फेरी घातली. परत जिन्याशी आलो. परत फेरी. देवळाला घालतात तशा प्रदक्षिणा चालल्या होत्या. मुलीला त्यांनी कळवलंसुद्धा नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. कळवलं आणि नको म्हणाली तर, ही भीती. कुठल्यातरी चर्चच्या घंटा वाजल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर कर्णिकांच्या घरी उतू जाणारी डाळ आली. माझं सारखं घड्याळाकडं बघणं बाईंनी हेरलं. त्यांनी माझा हात सोडला, मला रस्ता दाखवला आणि म्हणाल्या, "गो, गो." त्यांच्या डॅनिशमध्येही गो म्हणजे जा. आमच्याकडं निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात, आणि हे मी त्यांना मिठाच्या बरणीशेजारी बसून शिकवलं होतं. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना 'जा'च म्हणायचं होतं. मी गेले असते की त्यांनाही परत फिरायला मोकळीक मिळाली असती.

मला जायचं होतं. खरं सांगते, फार जायचं होतं. मी त्यांचं मनगट धरलं आणि जिना चढायला लागले.

दार इंगरनं उघडलं. हात पिठानं भरलेले, मागं परकराला धरून उभी एक छोटी मुलगी, आणि घरभर तोच वेलदोड्याचा वास. इंगरचं पोट दिसत होतं, तिला दिवस गेलेले होते. होल्मबाईंनी तोंड उघडलं. गाडीत इतक्या वेळा म्हटलेलं त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. दाराची मूठ इंगरच्या हातातच होती आणि दार हळूहळू पुढं येत होतं की मला तसा भास झाला, मी सांगू शकत नाही. मला राहवलं नाही. मी मराठीत म्हणाले, "अगं, आईला आत तरी घे. अशी दारात काय उभी?"

तिला काय कळलं असेल? काळ्या कोटाखालून साडी दिसणारी एक अनोळखी बाई आपल्याला कुठल्यातरी भाषेत रागावतेय, एवढंच. पण ती बाजूला झाली.

आत बसलो. आई मुलीशी बोलेना, मुलगी आईशी बोलेना. दोघी माझ्याशी बोलत होत्या. आई डॅनिशमध्ये, मुलगी डॅनिश आणि मोडक्या इंग्रजीत, आणि मी दोघींकडं वळून वळून मान डोलावत होते. छोटीनं येऊन माझ्या पदराचा काठ बोटानं चाचपला. कॉफी आली, वेलदोड्याचे पाव आले. मी इंगरला विचारलं, फोन करू का? फोन बाहेरच्या बोळात भिंतीला होता.

कर्णिकबाई म्हणाल्या, "अहो, आहात कुठं? वाट बघून बघून आत्ताच पानं घेतली." मी कारण सांगायला लागले आणि तेच वाक्य तीनदा बोलले. त्यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणाले, "बरी आहे. पुष्कळ दिवसांनी मराठी ऐकली." त्या म्हणाल्या की ते सगळे संध्याकाळी सुट्टीसाठी खेड्याकडं निघताहेत, नाहीतर उद्या या म्हटलं असतं. "वरण अगदी छान झालं होतं हो," असंही म्हणाल्या. ते त्यांनी सांगायला नको होतं.

फोन ठेवून मी भिंतीकडं तोंड करून रडून घेतलं. स्टॉकहोमचा माझा वरणभात तेवढाच. वळून आत आले तर होल्मबाई आणि इंगर एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आईच्या काळ्या कोटावर पिठाची बोटं उमटली होती. मी समोर होते तोवर जमलं नव्हतं. मी पाठ फिरवायचाच अवकाश होता.

पुढचं ओघानं आलं. इंगरला दिवस भरत आले होते, आईनं बाळंतपणाला राहायचं ठरवलं. आमच्याकडं लेक बाळंतपणाला माहेरी येते. तिथं माहेरच लेकीकडं आलं. चिंचवडची कुठलीही बाई हेच म्हणाली असती, राहा म्हणून.

परतीच्या गाडीला त्या मला पोचवायला आल्या. बटाट्यांची पुरचुंडी हातात दिली. गाडी हलली तशी चालत चालत खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "याय कोमर."

पुन्हा कोपनहेगन

साखरेचं भांडं, काडेपेटी, मिठाची बरणी. मी एकटी परत आले. रिकाम्या घराचं दार उघडलं. टेबलावर साखरेचं भांडं आणि मिठाची बरणी आम्ही ठेवली तशीच होती.

आता प्रश्न असा पडला की बाई नक्की कुठल्या भाषेत बोलल्या. त्यांच्या भाषेत बोलल्या असतील तर 'येते' म्हणजे येते, बाळंतपण उरकून, मी निघायच्या आत, कोपनहेगनला. माझ्या भाषेत बोलल्या असतील तर तो नुसता निरोप. हा घोळ मीच घातलेला, आणि आता मीच त्यात अडकले. संध्याकाळी प्रयोगशाळेतून परत आले की मी दोन कप मांडायची. खुळेपणा म्हणा हवं तर. जिन्यावर पाय वाजले की कान टवकारायची. पाय दुसऱ्या मजल्यावर थांबायचे.

पाववालीकडून मी स्टॉकहोमला कार्ड लिहवून घेतलं, माझा निघायचा दिवस कळवला. उलट टपाली चित्राचं कार्ड आलं. मागं छोटीनं रेघोट्या मारल्या होत्या, खाली मुलगा झाल्याची एक ओळ आणि दोन सह्या. येण्याबद्दल काही नव्हतं. पाववाली म्हणाली, कार्डावर जागाच कुठं उरलीय? चांगली बाई होती.

निघायचा दिवस आला. बाहेर तोवर झाडांना पालवी फुटली होती, लोक उन्हात तोंड वर करून बसत होते. मी कप धुऊन ठेवले, खिडकी उघडून पुन्हा लावली आणि किल्ली पाववालीकडं द्यायला निघाले. दार ओढताना सवयीनं तोंडातून निघालं, "याय कोमर." आतून कुणी मान हलवली नाही. मी जिना उतरले.

चिंचवड

परवा दुपारी हे सगळं मी आईला सांगत होते. ती वाती वळत होती, कोंडाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. मी म्हणाले की बाई काही आल्या नाहीत, त्यांचं ते 'येते' नुसतं म्हणण्यापुरतंच असणार. आईनं विचारलं, "तिला आपला पत्ता दिला होतास?"

नव्हता दिला. कुणी कोपनहेगनहून चिंचवडला येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"धन्य आहे तुझी," आई म्हणाली. "ती येते म्हणाली. कुठं येते, हे तिनं कुठं सांगितलं? आणि तू त्या बंद घरात वाट बघत बसलीस."

"पत्त्याबिगर कशी यील ती?" कोंडाबाई म्हणाली. "माणूस चुकायचं न्हाई का?"

म्हणून इथं लिहून ठेवते.

होल्मबाई, मिठाच्या बरणीपासून निघून आगगाडीनं इटलीतल्या जिनोव्हा बंदराला या. तिथून मुंबईची बोट. मुंबईहून पुण्याला, आणि पुण्याहून लोणावळ्याकडं जाणारी गाडी धरा. पिंपरीला कारखान्याची उंच चिमणी दिसेल, तिथं उतरू नका, पुढचं स्टेशन आपलं. टांगेवाल्याला नदीकडच्या गावठाणात म्हणा. कोंडाबाई म्हणते, टांगा नसला तर तिच्या म्हशींच्या मागं मागं चालत या, त्या घरावरूनच जातात. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडं बघा, इथंही वाहनं डाव्या हातानं चालतात. बटाटे आई उकडून ठेवील. हे मराठीत आहे आणि तुम्हाला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. मला तरी डॅनिश कुठं येत होतं?

आमचं दार दिवसभर उघडंच असतं. ठोठावू नका, काय बोलायचं याची उजळणीही करू नका. दारात उभ्या राहू नका. सरळ आत या.